एएनबी ६, विट्स शून्य: खरं कोणाचं?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण रास्त आहे. एएनबी, म्हणजे बाजूने काढलेल्या एक्स-रेवर दोन्ही जबडे एकमेकांच्या किती पुढेमागे आहेत ते सांगणारा कोन, ४ अंशांच्या वर गेला की खालचा जबडा मागे, असं मी बेधडक लिहून गेलो होतो. ते वाचून तुम्ही धसका घेतलात, कारण तुमच्या अकरा वर्षांच्या मुलीचा एएनबी ६ आलाय. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच एक्स-रेवर विट्स, म्हणजे तेच मिलिमीटरमध्ये सांगणारं माप, शून्य काढून ‘जबडे जागेवर आहेत’ असं सांगितलं. ‘एकाच कवटीचे दोन निकाल! मग यात आणि पत्रिका बघण्यात फरक काय?’ असं तुम्ही विचारलंय.

माझं ते वाक्य मी बदललं आहे. एकतर वरचा जबडा पुढे असला तरी एएनबी वाढतो. पत्रिकेची उपमा मात्र मान्य नाही, कारण इथे घोळ कुठे होतो ते कागदावर दाखवता येतं.

दंततज्ज्ञ स्टायनरने १९५३ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत एसएनए (कवटीच्या तळाच्या रेषेशी वरच्या जबड्याचा कोन) ८२, एसएनबी (तसाच खालच्या जबड्याचा) ८० आणि त्यांतला फरक, म्हणजे एएनबी, २ अंश धरतात. हा कोन मोजायचा नेझिऑनपासून, म्हणजे कपाळाचं हाड नाकाच्या हाडाला मिळतं तिथून. पण तो बिंदू काही जबड्यावर नाही! समजा, वरच्या जबड्यावरचा ए बिंदू त्याच्या ५५ मिमी खाली आणि खालच्या जबड्यावरचा बी ९५ मिमी खाली आहे. जबडे जराही न हलवता नेझिऑन ५ मिमी मागे घ्या. एएनबी दोनेक अंशांनी वाढतो. म्हणजे कपाळाच्या ठेवणीचं खापर हनुवटीवर.

म्हणूनच दंततज्ज्ञ जेकबसनने १९७५ मध्ये विट्स मोजताना नेझिऑनला वगळलं. ए आणि बी बिंदूंपासून दात जिथे मिटतात त्या रेषेवर लंब टाकायचे आणि त्यांतलं अंतर मोजायचं. बायकांमध्ये ते साधारण शून्य, पुरुषांमध्ये उणे १ मिमी. ‘विट्स’ हे नाव जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठावरून आलं.

पण म्हणून विट्सचा शब्द अखेरचा, असंही नाही. ती रेषा दाढा-उपदाढांवरून काढायची असते, आणि अकराव्या वर्षी उपदाढा कित्येकदा अर्धवटच आलेल्या असतात. व्ह्यू बॉक्सवर (एक्स-रे बघायच्या उजेडाच्या पेटीवर) ट्रेसिंग पेपर चिकटवून पेन्सिल धरली की डाव्या-उजव्या दाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि रेषा अंदाजानेच ओढली जाते. ती ५ अंशांनी कलली, तर ए-बीमध्ये ४० मिमी उंची धरून विट्स साडेतीन मिमीने सरकतं. हल्ली सॉफ्टवेअर ‘६.२’ असं दशांशात छापून देतं, पण बिंदूवर क्लिक करणारा हात माणसाचाच असतो.

तेव्हा त्या दुसऱ्या डॉक्टरांचं ‘जागेवर आहेत’ही मी लगेच पक्कं धरणार नाही. पुढच्या भेटीला ट्रेसिंग मागून घ्या. एसएनए आणि एसएनबी वेगवेगळे किती आले ते बघा आणि विट्सची रेषा कुठल्या दातांवरून काढली ते विचारा. शिवाय मुलीला ताठ उभं करून, ओठ सैल सोडायला सांगून, तिचा चेहरा बाजूने त्यांनी नीट पाहिला होता का, हेही कळवा.