युक्रेनच्या यॉटची अफवा आणि अंड्यांचा खरा घोटाळा

‘अमेरिकेच्या मदतीतून झेलेन्स्कींनी साडेसात कोटी डॉलरच्या दोन यॉट (आलिशान खासगी नौका) घेतल्या’ हा संदेश 2023च्या अखेरीपासून फिरतो आहे. तो खोटा आहे. त्या दोन्ही यॉट विकल्याच गेल्या नव्हत्या, असं त्यांच्या दलालांनीच तेव्हा स्पष्ट केलं.

पण म्हणून ‘युक्रेनमधला भ्रष्टाचार हा निव्वळ रशियाचा अपप्रचार’ हे उत्तरही चालणार नाही. जानेवारी 2023मध्ये युरी निकोलोव या युक्रेनियन पत्रकाराने सैन्याच्या जेवणाचं सुमारे 13 अब्ज रिव्नियाचं (रिव्निया हे युक्रेनचं चलन) कंत्राट उघड केलं. कीवच्या दुकानात 7 रिव्नियाला मिळणारं अंडं त्यात 17 रिव्नियाला लावलं होतं. संरक्षणमंत्री रेझ्निकोव यांनी ‘तांत्रिक चूक’ म्हणून हात झटकले. मला तो खुलासा मुळीच पटत नाही. उपमंत्री शापोवालोव यांना राजीनामा द्यावा लागला, आणि सप्टेंबरमध्ये रेझ्निकोव यांचंही मंत्रिपद गेलं.

असं घडू शकलं, कारण युद्ध सुरू झाल्यावर लष्करी खरेदी प्रोझोरो या खुल्या ऑनलाइन निविदांतून बाहेर काढून गुप्त ठेवली होती. शस्त्रांबाबत ते समजू शकतं. अंडी-बटाट्यांचे भाव कशासाठी लपवायचे? पुढे संसदेने असे दर जाहीर करणं बंधनकारक केलं.

दुसरं प्रकरण याहून चीड आणणारं. 1 लाख तोफगोळ्यांसाठी ऑगस्ट 2022मध्ये जवळपास दीड अब्ज रिव्निया मोजले गेले, गोळा एकही आला नाही. हे जानेवारी 2024मध्ये युक्रेनच्याच सुरक्षा यंत्रणेने जाहीर केलं. पुढे पाठवायचंच असेल, तर हे पाठवा.