उतारावर न्यूट्रल करावं का? कट्ट्यावरचा एक वाद

वाद पेटला तो नानांच्या एका वाक्यावरून. "उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची. तेवढंच पेट्रोल वाचतं."

बापू गॅरेजात इंजिनं खोलणारा. त्याने लगेच मान हलवली. "नाना, कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत हे खरं होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हिशेब उलटा आहे."

"उलटा कसा? इंजिन आयडलला आलं, नुसतं सावकाश फिरत राहिलं, की पेट्रोल कमीच लागणार."

"कमी लागतं, पण लागतं. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचललात तर काहीच लागत नाही. तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवत असतात. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद आहे आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, आयडलच्या बरेच वर आहेत हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला दिसतं आणि तो पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करून टाकतो. आरपीएम साधारण १,२०० ते १,५०० च्या खाली आले की ते पुन्हा सुरू होतात, नाहीतर इंजिनच बंद पडेल. न्यूट्रल केलंत की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन फिरतं ठेवायला पेट्रोल घालावंच लागतं."

नाना मात्र सहज हटणारे नव्हते, आणि त्यांचा पुढचा मुद्दा खरंच दमदार होता. "गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढतं. न्यूट्रलमध्ये तीच गाडी लांबवर घरंगळत जाते. मग जास्त वाचलं कशात?"

ताई म्हणाली, "नाना, इथे तुमचं अर्धं बरोबर आहे. उतार अगदी सौम्य असेल, गिअरमध्ये गाडी मंदावून पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागत असेल, तर नुसता पेट्रोलचा हिशेब न्यूट्रलच्या बाजूने जाऊ शकतो. पण तिथे टॉप गिअर ठेवून पाय अगदी हलका टेकवला तरी काम भागतं. जिथे उतार इतका आहे की वेग धरायला ब्रेक लावावा लागतो, तिथे गिअरच जिंकतो. पेट्रोल शून्य आणि ब्रेकचं निम्मं काम इंजिन करतं."

"आणि तिथेच न्यूट्रल जिवावर बेततं," बापू म्हणाला. "सगळा भार ब्रेकवर आला की पॅड तापतात. लांब घाटात ते इतके तापतात की पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. काहीजण तर उतारावर इंजिनच बंद करतात. मग पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. दोन-तीनदा दाबेपर्यंत ब्रेक नीट लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच. चार थेंबांसाठी हा धोका घ्यायचाच नाही."

पम्याने विचारलं, "मग पेट्रोल खरं जातं कुठे?"

"ब्रेकमध्ये," ताई म्हणाली. तिने तिथल्या तिथे हिशेब मांडला. माणसांसकट १,२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा सुमारे १६७ किलोज्यूल. एका लिटर पेट्रोलमध्ये ३२ ते ३४ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण चाकांपर्यंत पोचते जेमतेम पाव, म्हणजे ८ मेगाज्यूल धरू. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे २० मिलिलिटर. "म्हणजे ६० च्या वेगावरून कचकन ब्रेक मारून थांबलात, की २० मिलिलिटर पेट्रोलची उष्णता करून ती हवेत सोडून दिलीत. असे ५० वेळा थांबलात की एक लिटर गेलं. ८० वरून थांबलात तर दर वेळी ३५ च्या वर."

"पण सिग्नल लागला तर थांबावंच लागणार ना."

"थांबायचं आहेच. पाय कधी उचलायचा, प्रश्न एवढाच आहे. लाल दिवा दोनशे मीटरवर दिसला, तरी लोक ॲक्सिलरेटर देत राहतात आणि शेवटच्या तीस मीटरला ब्रेक दाबतात. दिसताक्षणी पाय उचल, गाडी गिअरमध्येच राहू दे. ते दोनशे मीटर इंजेक्टर बंद असतात. बऱ्याचदा तू पोचेपर्यंत दिवा हिरवा होतो आणि गाडी पुरती थांबतच नाही. चालत्या गाडीला ३० वरून ६० ला न्यायला शून्यावरून नेण्याच्या पाऊणपट ऊर्जा लागते. तेवढी पाव वाचली. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवलंस की त्याच्या प्रत्येक ब्रेकला तुला ब्रेक लावावा लागत नाही."

नाना म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, गाडी हळूहळू उचलावी. पाय अंड्यावर ठेवल्यासारखा."

यावर बापूचं मत वेगळं, आणि माझ्या मते तोच मुद्दा लोकांना सगळ्यात कमी माहीत असतो. अंड्यावर पाय ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी रेंगाळत ठेवणं म्हणजे बचत नव्हे. थ्रॉटल जेमतेम उघडा असतो तेव्हा इंजिनाला त्या अरुंद फटीतून हवा ओढून घ्यायलाच ताकद खर्चावी लागते. त्यापेक्षा मध्यम जोर देऊन गाडी उचलायची, पेट्रोल इंजिनाला २,००० ते २,५०० आणि डिझेलला १,५०० ते २,००० आरपीएमला गिअर बदलत टॉपला न्यायचं आणि मग पाय हलका करायचा. त्याची दुसरी टोकाची चूकही बापूने सांगितली. टॉप गिअरमध्ये १,२०० आरपीएमवर चढ चढवायला गेलात तर इंजिन कण्हतं, थरथरतं. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात अशा वेळी मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतं आणि त्याने पिस्टनला इजा होते. थरथर जाणवली की एक गिअर खाली.

वेगावर फार वेळ गेला नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १०० केलं की हवेविरुद्धची दर किलोमीटरची मेहनत ५६ टक्क्यांनी वाढते. एकूण खप तेवढा वाढत नाही, कारण टायरचं घर्षण जवळपास तेवढंच राहतं, पण फरक टाकीत स्पष्ट दिसतो. शंभर किलोमीटरला वेळ वाचतो १५ मिनिटं. पम्याने विचारलं, मग ४० नेच चालवायची का? नाही. फार हळू गेलं की इंजिनाचं घर्षण, एसी, दिवे यांचा ठरावीक खर्च थोड्याच किलोमीटरवर पडतो. बहुतेक गाड्यांचा सगळ्यात चांगला पट्टा टॉप गिअरमध्ये ६० ते ८० च्या दरम्यान असतो. टपावर रिकामं कॅरिअर असेल तर काढून ठेवा. हमरस्त्यावर ते सतत वारा अडवत असतं.

एसीबद्दल नाना आणि पम्या नेहमीप्रमाणे भिडले. शहरातल्या वेगाला काचा उघड्या, ८० च्या पुढे काचा बंद आणि एसी चालू, यावर शेवटी दोघंही आले. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी फुल करू नये. एक मिनिट काचा उघडून चालवा, गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग आतलीच हवा फिरवायचं बटण दाबून एसी लावा.

उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवण्याबद्दल ताईने तेच २० मिलिलिटरचं माप वापरलं. छोट्या पेट्रोल इंजिनाला आयडलला तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, एसी असेल तर त्याहून जास्त. दहा मिनिटं उभं राहिलं की साधारण १०० मिलिलिटर, म्हणजे ६० वरून पाचदा थांबण्याएवढं. पुन्हा स्टार्ट करायला लागणारं पेट्रोल सुमारे दहा सेकंदांच्या आयडलिंगएवढंच. तरी बापूने सुचवलं की ऑटो स्टार्ट-स्टॉप नसलेल्या गाडीत स्टार्टर आणि बॅटरीचा विचार करून निदान मिनिटभर थांबायचं असेल तरच बंद करावी. सकाळी इंजिन पाच मिनिटं तापवत ठेवण्याची मात्र गरज नाही. अर्ध्या मिनिटाने निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न देता चालवा. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, म्हणून दोन किलोमीटरच्या तीन वेगळ्या फेऱ्यांपेक्षा तीन कामांची एक फेरी स्वस्त पडते.

"आता टायर," बापू म्हणाला. "हवा डोळ्यांनी कळत नाही. रेडिअल टायर हवा बरोबर असली तरी खाली थोडा फुगलेलाच दिसतो. महिन्याला एक-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आपोआप कमी होते. चारही टायरमधली हवा एक पीएसआय कमी झाली की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के उतरतं. आठ-दहा कमी असेल तर दोन टक्के गेलेच, आणि टायरच्या कडा झिजतात ते वेगळं."

"मग मी पाच जास्तच भरतो," नाना म्हणाले.

"नको. मग टायर मधोमध झिजतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर दोन आकडे असतात: कमी भाराचा आणि पूर्ण भाराचा. त्यातलाच एक पाळा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो. आणि हवा थंड टायरमध्ये मोजा, गाडी निदान तीन तास उभी असताना. चालवून आल्यावर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतं. ते बघून हवा सोडली की सकाळी टायर कमी हवेवर."

पुढचा भाग बापूच्या हातखंड्याचा. गाडी नीट चालवूनही ॲव्हरेज पडत असेल तर तो आधी ब्रेक धरून राहतोय का ते बघतो. निर्धोक, मोकळ्या रस्त्यावर शेवटचा किलोमीटर जमेल तेवढा कमी ब्रेक लावत यायचं, गाडी थांबवायची आणि चारही रिमच्या जवळ हात नेऊन धग बघायची. डिस्कला हात लावायचा नाही. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर ते सपाट जागी, बाकीच्या चाकांना अडण्या लावून जॅकवर उचलायचं, न्यूट्रलमध्ये हाताने फिरवायचं. मागचं चाक असेल तर हँडब्रेकही सोडायचा. हलका घासल्याचा आवाज चालतो. अर्ध्या फेरीत अडकत असेल तर ब्रेक धरतोय. पुढच्या चाकात गिअरबॉक्सचाही थोडा ओढा असतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या चाकाशी ताडून बघायचं. कारण बहुधा कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या पिना: रबरी टोपी फाटते, पाणी जातं, गंज धरतो. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि महिनाभरात पुन्हा तेच.

दुसरा चोर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्याचं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गाडी गरम होते म्हणून काहीजण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग इंजिन कधीच नीट तापत नाही, ईसीयूला वाटतं अजून थंडच आहे, आणि तो जादा पेट्रोल देत राहतो. पंधरा मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागेच्या खाली राहत असेल तर संशय तिथेच घ्यायचा. तिसरा धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर. तो बिघडल्याच्या खुणा: चेक इंजिनचा दिवा, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी, पेट्रोलचा वास.

"आणि एअर फिल्टर?" पम्याने विचारलं.

"बदल जरूर, इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून. पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चोंदलेल्या फिल्टरने पिकअप मरतो, ॲव्हरेज जवळपास तेवढंच राहतं. आत येणारी हवा मोजूनच ईसीयू पेट्रोल देतो. कार्बोरेटरच्या गाडीत मात्र फरक पडायचा."

पम्याला पेट्रोलच्या नळीवर लावायच्या चुंबकाबद्दलही विचारायचं होतं. यावर ताई जरा चिडली, आणि ते योग्यच होतं. लोकांची कष्टाची कमाई जाते यात. पेट्रोलवर अशा चुंबकाचा उपयोगी पडेल असा काही परिणाम होत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आजवर इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही तसंच. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकणं, न होण्याची क्षमता, जास्त ऊर्जा नव्हे. गाडीच्या पुस्तकात मागितलं नसेल तर त्याचा फायदा नाही.

"ठीक आहे," नाना म्हणाले, "पण फरक पडला हे कळणार कसं? डॅशबोर्डवर आकडा येतो तो धरायचा?"

"तो बऱ्याचदा थोडा जास्तच दाखवतो," ताई म्हणाली. "टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबा, वर चार थेंब कोंबू नका. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी बरीच उतरली की त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, निदान तीन टाक्यांची बेरीज करून भागा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला."

मग तिने पम्याला कोडं घातलं. घरात दोन गाड्या आहेत, एक १० चं ॲव्हरेज देते, दुसरी २० चं. पहिलीचं १२ झालं आणि दुसरीचं २५, तर जास्त पेट्रोल कुठे वाचलं? पम्या म्हणाला दुसरीत, पाचाने वाढलं की. शंभर किलोमीटरला पहिली गाडी १० लिटरवरून ८.३ वर आली, दुसरी ५ वरून ४ वर. पहिलीत १.७ लिटर वाचलं, दुसरीत एकच. म्हणून दोन्ही सारख्याच चालत असतील तर हवा आणि ब्रेक आधी मोठ्या गाडीचे बघायचे.

"अजून एक," उठता उठता बापू म्हणाला. "कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील तर हा सगळा हिशेब चुकतो. टायरचा घेर तीन टक्के जास्त असेल तर गाडी १०३ किलोमीटर धावते आणि मीटर १०० दाखवतं. आधी टायरचं माप स्टिकरशी ताडून बघा, मग पहिली टाकी भरा."

नाना म्हणाले, "बघतो उद्या सकाळी. हवाही तेव्हाच मोजतो, टायर थंड असताना."