वेळ नेमका कुठे गेला?

"सर, मला मेनफ्रेमचा प्रोजेक्ट दिलाय. बदलून कसा घेऊ?" भारतात नुकत्याच आयटीत लागलेल्या मुलांकडून हा प्रश्न मला वर्षानुवर्षं येतोय. मेनफ्रेम म्हणजे बँकांसारख्या ठिकाणी प्रचंड व्यवहार सांभाळणारा मोठा संगणक. बरोबरच्या कुणाला क्लाउड मिळालेलं असतं, कुणाला एआय, आणि याला वाटतं आपल्याला शिक्षाच झाली. दुसऱ्या बाजूचे ज्येष्ठ समजूत घालतात की कोबोल, म्हणजे या यंत्रांवरची जुनी प्रोग्रामिंग भाषा, १९५९पासून आहे, ते काही मरत नाही, नोकरी पक्की. अमेरिकेत मेनफ्रेमच्या परफॉर्मन्सचं काम करताना हा वाद कानावर आला की मला फार वाईट वाटतं. त्या मुलाच्या हाती खरोखर काय आलंय, हे दोघांपैकी कुणीच त्याला सांगत नाही.

आमच्या कामात प्रश्न एकच असतो: वेळ कुठे गेला? एका व्यवहाराला एक सेकंद लागला, तर त्यातला किती प्रोसेसरवर गेला, किती डिस्कची वाट बघण्यात, किती दुसऱ्याने धरून ठेवलेल्या लॉकपाशी, आणि किती नुसता रांगेत? झेड-ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टमवर या उत्तरांची नोंद अखंड होत असते. एसएमएफ या तिच्या नोंदवहीतल्या ३० क्रमांकाच्या नोंदीत जॉबचा हिशेब, ७२मध्ये कामाच्या वर्गांचा, ११०मध्ये सीआयसीएस या व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या व्यवहारांचा. ही शिस्त गरजेतून आली. यंत्र महाग होतं, एकाच यंत्रावर अनेक खात्यांची कामं चालत, आणि कुणी किती वापरलं ते सांगावंच लागे. आजही बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरचं महिन्याचं बिल चार तासांच्या फिरत्या सरासरीच्या शिखरावरून ठरतं. ऐन गर्दीत डेटाबेसवर चालवलेली एक वाईट क्वेरी थेट बिलात उमटू शकते.

नव्या वेबकडे मी कुतूहलाने बघतो, आणि मला तिथे जागोजागी ओळखीच्या खुणा सापडतात. १९७१च्या ३२७० टर्मिनलवर, म्हणजे मेनफ्रेमला जोडलेल्या स्क्रीन-कीबोर्डवर, माणूस पूर्ण स्क्रीन भरायचा, आणि एंटर दाबेपर्यंत मुख्य यंत्राला त्याचा पत्ताही नसायचा. मग बदललेली फील्ड एकदम जायची. वेबवरचा साधा फॉर्म हेच करतो. सीआयसीएसचा प्रोग्राम उत्तर पाठवून संपून जातो आणि पुढच्या खेपेला लागेल तेवढंच बाजूला ठेवतो. वेबच्या देवाणघेवाणीची पद्धत असलेल्या एचटीटीपीला आधीचं काही आठवत नाही म्हणून वेबवाल्यांना कुकी आणि सेशन लागले. मला सगळ्यात भावते ती वेबअसेम्ब्ली. १९६४ साली आयबीएमने सिस्टम ३६० जाहीर केली तेव्हा वचन असं होतं, की यंत्रं लहानमोठी असतील, पण आज्ञासंच एक राहील आणि प्रोग्राम सगळ्यांवर चालेल. डिसेंबर २०१९मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने प्रमाण म्हणून स्वीकारलेली वेबअसेम्ब्ली ब्राउझरमध्ये तेच म्हणते: खाली चिप कुठलीही असो, कंपाइल केलेला प्रोग्राम तोच. पहिलं वचन सहा दशकं पाळलं गेलंय. दुसरंही तितकं टिकावं असं मला मनापासून वाटतं.

मोजण्याच्या बाबतीतही वेब आता त्याच वाटेवर आलंय. कुठल्या कामाला किती प्राधान्य ते ठरवणाऱ्या झेड-ओएसच्या डब्ल्यूएलएममध्ये आम्ही नव्वदच्या दशकापासून 'नव्वद टक्के व्यवहार अर्ध्या सेकंदात' अशी उद्दिष्टं लिहितो, कारण सरासरीत रखडलेला माणूस दिसत नाही. गुगलने मार्च २०२४मध्ये आयएनपी, म्हणजे क्लिक किंवा टॅपला पान किती वेळात प्रतिसाद देतं, हे माप वेबपानांच्या मुख्य मापांमध्ये घेतलं. तेही सरासरीवर जात नाही: चारपैकी तीन भेटींमध्ये प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत हवा.

अडतं ते या दोन मापांच्या मध्ये. एका बँकेत नवं अ‍ॅप आलं आणि मेनफ्रेमचा वापर झपाट्याने वाढला. बैठकीत एकच सूर होता: यंत्र जुनं झालं, काम दुसरीकडे हलवा. भारतातल्या आमच्या टीममधली एक मुलगी, जेमतेम दोन वर्षांचा अनुभव, ११०च्या नोंदी घेऊन बसली. तिला दिसलं की अ‍ॅपचं पहिलं पान उघडताना शिल्लक विचारणारा एकच व्यवहार एकाच ग्राहकासाठी सात वेळा होतोय. पानावरच्या सात तुकड्यांपैकी प्रत्येक जण एपीआयमधून, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या दुव्यातून, मेनफ्रेमला स्वतंत्रपणे हाक मारत होता. फ्रंट-एंडची, म्हणजे ग्राहकाला दिसणारं पान बनवणारी, टीम ब्राउझरमधला वेळ मोजत होती, मेनफ्रेमवाले आपला. दोघांचेही आकडे हिरवे होते, कारण एकेक हाक जलदच होती. ती एकदाच मारायची असं ठरलं आणि हलवण्याची चर्चा थांबली.

इथे अमेरिकेत तरी सगळं जाणतेपणाने चालतं असं कुणी समजू नये. एप्रिल २०२०मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केलं. बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला होता, आणि तो सांभाळणारी जुनी प्रणाली कोबोलमध्ये होती. ते ऐकून भारतात अनेकांनी अर्थ काढला की कोबोलला मागणी आहे. मला त्यातली वेगळी गोष्ट टोचली. कोबोल शिकायला काही आठवडे पुरतात. ती विशिष्ट प्रणाली कशी चालते हे जाणणारी माणसं निवृत्त होऊ दिली आणि मागे कुणाला शिकवलं नाही, तर आणीबाणीत भाषा येणारा नवा माणूस काय करणार?

अशा प्रणाली सांभाळण्याचं काम आता मोठ्या प्रमाणात भारतात होतं. यंत्राची रात्रपाळी तिकडचीच मुलं सांभाळतात. पण त्यांच्याकडे अलर्ट आला की तिकीट उघडायचं, फोन करायचा, एवढंच सोपवलेलं असतं. नोंदी वाचून कारण शोधणं आणि बदल सुचवणं अजून इकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांकडे आहे. हे चूक आहे, आणि ते आमच्या बाजूने आधी दुरुस्त व्हायला हवं. भारतातल्या कंपन्यांनीही मनुष्यतास विकताना करारात हा भाग मागून घ्यायला हवा. तो कुणी आपणहून देणार नाही.

म्हणून प्रोजेक्ट बदलून मागणाऱ्या मुलाला मी आता 'थांब' किंवा 'सोड' असं काहीच म्हणत नाही. मॅनेजरकडे एसएमएफचा डेटा वाचण्याची परवानगी माग, असं सांगतो. मिळाली, तर सीआयसीएसचा सगळ्यात जास्त वेळा चालणारा व्यवहार शोध, आणि तो कुठल्या वेबपानावरून येतो ते फ्रंट-एंडच्या मित्राला विचार. महिनाभराने दोघांनी मिळून मला फोन करायचा.