डावा हात काठीसारखा ताठ? मुळीच नको

साताऱ्यात गोल्फ शिकणाऱ्यांच्या फोनवर सध्या एक सल्ला फिरतो आहे: 'डावा हात काठीसारखा ताठ ठेवा, उजवं कोपर बरगडीला चिकटवा, मान वर करू नका आणि सगळा जोर हातांत आणा, फटका सरळच जाईल.' आपल्याकडे बहुतेकांचा सराव गच्चीवर जाळी बांधून चालतो, पुण्याच्या कोर्सवर जाणं अधूनमधून. चूक दाखवणारं शेजारी कुणी नसतं, त्यामुळे असला सल्ला लवकर अंगवळणी पडतो आणि मग सुटता सुटत नाही. म्हणून हे उत्तर. (मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांबद्दल लिहितोय, डावखुऱ्यांनी उलट धरावं.)

आधी तो ताठ हात. डावा हात लांब राहिला तर क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, वर्तुळ मोठं होतं आणि क्लब दर वेळी साधारण त्याच अंतरावरून चेंडूवर परत येतो, एवढं त्यात खरं आहे. पण हात लांब ठेवणं वेगळं आणि आवळून ताठ करणं वेगळं. कोपर आवळलं की दंड आखडतो, खांदे पुरते वळत नाहीत, मनगटं मोकळी राहत नाहीत. आणि मग अमेरिकन गोल्फपटू कॅल्विन पीट यांचं काय करायचं? लहानपणी झाडावरून पडून त्यांचं डावं कोपर मोडलं, ते पुन्हा कधी पूर्ण सरळ झालं नाही. त्याच हाताने ते पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) 12 स्पर्धा जिंकले आणि 1981 ते 1990 अशी सलग दहा वर्षं ड्राइव्हच्या, म्हणजे सुरुवातीच्या लांब फटक्याच्या, अचूकतेत पहिले राहिले. जुन्या काळचे गोल्फपटू हॅरी व्हार्डन यांचंही डावं कोपर बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे वर नेताना, चांगलं वाकायचं. ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा त्यांनी सहा वेळा जिंकली. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

उजव्या कोपराचंही तेच. अमेरिकन गोल्फपटू जॅक निकलॉस यांचं कोपर वर जाताना अंगापासून सुटायचं, त्यावर टीकाही व्हायची. त्यांच्या नावावर 18 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांची जेतेपदं, आहेत. कोपर अंगाजवळ यायला हवं ते खाली येताना. सुरुवातीपासून चिकटवून ठेवलंत तर हातांना वर जायला जागाच उरत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट मात्र 'सगळा जोर हातांत' ही. डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूपर्यंत खाली आणणं, साधारण पाव सेकंदात संपतो. चांगल्या खेळाडूची आधी कंबर फिरते, मग छाती, मग हात आणि शेवटी क्लब. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्याला देऊन स्वतः मंदावतो. आसूड ओढताना मूठ थांबते तेव्हाच टोक कडाडतं, तसंच हे. वरून येतानाच हातांनी ओढलं तर क्लब बाहेरून आत कापत येतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. नवशिक्यांचा स्लाइस, म्हणजे असा उजवीकडे वळणारा फटका, बहुतेकदा इथूनच सुरू होतो, आणि तो घालवायला माणूस हात आणखी आवळतो.

मानेबद्दल एवढंच: स्वीडिश गोल्फपटू ॲनिका सोरेनस्टॅम यांचं डोकं फटक्याच्या क्षणी लक्ष्याकडे वळलेलं असायचं, आणि 2001 मध्ये त्यांनी 18 होलची अख्खी फेरी अवघ्या 59 फटक्यांत पूर्ण केली.

गच्चीवर करून पाहा. सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) घ्या, दोन्ही पाय जुळवा, ग्रिप सैल ठेवा आणि अर्धाच स्विंग करा. हातांनी ओढलंत तर तोल लगेच जाईल. तोल न जाता चेंडू नीट लागायला लागला की मगच पाय फाकवून पूर्ण स्विंग करा.