फोटोतला फास कोणाच्या गळ्यात आहे ते तरी बघा

गेले आठ-दहा दिवस एकच पोस्ट फिरतेय, मला तीन ग्रुपवर आली आणि वर आत्याने पर्सनली पण पाठवली, "वाचच" असं लिहून. वाचली. ज्यांच्यापर्यंत पोचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: खरा न्याय बघायचा असेल तर जुने काउबॉय पिक्चर बघा. तिकडे सकाळी गुरं चोरली की संध्याकाळी फाशी, ना वकील ना तारीख पे तारीख, म्हणून तिकडे गुन्हेगारी आटोक्यात आली. त्या पिक्चरात फास नेहमी व्हिलनलाच बसायचा, पब्लिक टाळ्या वाजवायचं आणि हिरो कधी कचरायचा नाही, मग हल्लीच्या डायरेक्टरांनी मानवाधिकाराचं खूळ घुसवलं आणि सगळं नासवलं. शेवटी शोले, की ठाकूरने केलं तेच बरोबर. खाली क्लिंट ईस्टवुडचा फोटो, गळ्यात दोर, आणि हात जोडलेली इमोजी.

मला वेस्टर्नचं, म्हणजे या काउबॉय पिक्चरांचं, वेड बाबांमुळे लागलंय, त्यामुळे हे वाचून गप्प बसणं जमलं नाही. एकेक मुद्दा घेते, पण सुरुवात फोटोपासून कारण तिथेच सगळी गंमत आहे.

तो फोटो 'हँग एम हाय'चा, 1968 चा. त्यात गळ्यात दोर असलेला माणूस निर्दोष आहे हो! जेड कूपर नाव त्याचं, गुरं विकत घेतलीयेत, पैसे मोजलेत, पावती पण आहे. विकणारा माणूस मूळ मालकाचा खून करून आलाय हे त्या बिचाऱ्याला माहीतच नाही. नऊ जण घोड्यावरून येतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि झाडाला लटकवून निघून जातात. म्हणजे पोस्टवाल्याला जे हवंय ना, वकील नाही तारीख नाही, ते पिक्चरच्या पहिल्या काही मिनिटांत होतं आणि चुकीच्या माणसावर होतं, उरलेला अख्खा पिक्चर ती चूक निस्तरण्यात जातो. कूपर योगायोगाने वाचतो, गळ्यावर दोराचा वण राहतो, तो रुमालाखाली झाकून फिरतो. पुढे जज त्याला मार्शलचा, म्हणजे कोर्टाच्या पोलिसाचा, बिल्ला देतो, पण अट घालतो की त्या नऊ जणांना जिवंत पकडून कोर्टात आणायचं.

आणि मग पिक्चर अजून एक पायरी पुढे जातो, ती मला जास्त आवडते. कोर्टाची फाशी म्हणजे तरी सगळं ठीक का? गुरं चोरणाऱ्या टोळीतली दोन कोवळी पोरं आहेत, खून आम्ही नाही केला म्हणतात, कूपर स्वतः त्यांच्या बाजूने बोलतो कारण संधी असूनही त्यांनी त्याच्यावर हात टाकलेला नसतो. जज ऐकत नाही. त्याचं म्हणणं, मी फाशी दिली नाही तर लोकं स्वतःच दोर घेऊन निघतील. मग सहा जणांना एकाच तख्तावर एकदम फाशी, आणि गावात अक्षरशः जत्रा भरलीय, बायकापोरं आलीत, विक्रेते फिरतायत, भजनं चाललीत, आणि जज आपल्या खिडकीतून बघत उभा. "पब्लिक टाळ्या वाजवतं" म्हणता ना, ते पब्लिक इथे आहे, पण कॅमेरा त्याच्याकडे ज्या नजरेने बघतो ती जरा बघा.

आता "सकाळी चोरी, संध्याकाळी फाशी". त्या पिक्चरातला जज ज्याच्यावरून घेतला तो खरा माणूस म्हणजे आयझॅक पार्कर, आर्कान्सासच्या फोर्ट स्मिथला 1875 ते 1896 फेडरल जज होता, आज जिथे ओक्लाहोमा आहे तो सगळा इंडियन टेरिटरीचा (तिथल्या मूळ जमातींसाठी राखलेला) भाग त्याच्या कोर्टाखाली यायचा. 'हँगिंग जज' म्हणून तोच प्रसिद्ध. त्याने 160 जणांना फाशी सुनावली, प्रत्यक्ष झाली 79 जणांना. म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त लोक फासावर गेलेच नाहीत, कोणाची शिक्षा राष्ट्राध्यक्षांनी कमी केली, कोणी जेलमध्येच मेला, आणि 1889 नंतर अपिलाची सोय झाल्यावर सुप्रीम कोर्टाने पार्करचे कितीतरी निकाल फिरवले. घ्या, तारीख पे तारीख तिकडे पण होती. आणि ते 79 सगळे खून नाहीतर बलात्काराच्या केसमधले. त्याच्या कोर्टातून गुरं चोरली म्हणून एकही माणूस फासावर गेला नाही. ज्यूरी होती, वकील होते, आणि त्या गुन्ह्यांसाठी कायद्यातच फाशी सक्तीची असल्यामुळे पार्करच्या हातात दुसरा पर्यायच नव्हता. गुन्हेगारी आटोक्यात आली म्हणाल तर त्याच्या काळात साठाहून जास्त डेप्युटी मार्शल ड्यूटीवर मारले गेले. आणि हाच हँगिंग जज मरायच्या आधी एका मुलाखतीत म्हणाला की शिक्षा होणारच याची खात्री देत असाल तर फाशी रद्द करायला माझी ना नाही.

रॉय बीनचं नाव पण अशा पोस्टमध्ये येतं कधीकधी, टेक्सासवाला, दारूच्या गुत्त्यात कोर्ट भरवणारा. त्याने फाशी सुनावल्याच्या माहीत असलेल्या केस दोन, त्यातला एक पळून गेला. बाकी सगळ्या दंतकथा. पुढे.

"हिरो कधी कचरायचा नाही". इथे थोडं थांबायला लागेल, कारण वेस्टर्नमध्ये मारामारी आणि फाशी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोस्टवाल्याने त्यांची सरमिसळ केलीय. वेस्टर्नचा जो काही अलिखित करार आहे तो काय, तर रिकामा रस्ता, दोन माणसं समोरासमोर, दोघांच्याही कमरेला पिस्तूल, ज्याचा हात आधी चालला तो जिंकला. व्हिलनला पण चान्स आहे म्हणून तर आपण श्वास रोखून बघतो. फाशीच्या सीनमध्ये एका माणसाचे हात मागे बांधलेले असतात आणि बाकीचे वीस जण उभे असतात. तिथे हिरोगिरीला जागाच उरत नाही. घोड्याचं पण तसंच, एरवी घोडा म्हणजे हिरोची मोकळीक, उधळला की क्षितिजापार, आणि झाडाला दोर टाकला की तोच घोडा फाशीची फळी होतो, त्याला चाबूक मारायचा आणि तो खालून निघून जायचा. म्हणून चांगल्या डायरेक्टरला फाशीचा सीन आला की नेहमीची युक्ती चालत नाही, काहीतरी मोडायलाच लागतं.

सगळेच मोडतात असं नाही हं. 'द व्हर्जिनियन' हे पुस्तक 1902 चं, वेस्टर्नचा पायाच म्हणतात त्याला, त्यात हिरो स्वतःच्या मित्राला गुरं चोरल्याबद्दल फासावर चढवतो आणि पुस्तकातला एक जज ते कसं योग्य होतं हे लांबलचक समजावून सांगतो. 1929 मध्ये गॅरी कूपरला घेऊन पिक्चर आला त्यात पण मित्राची फाशी आहे. म्हणजे पोस्टवाल्याच्या बाजूचं काहीतरी आहे, अगदीच हवेतून नाही आणलंय. पण तिथे सुद्धा हिरो कचरतो, आतून पार तुटतो, आणि आपल्याला ते दिसतं.

आणि आता "हल्लीच्या डायरेक्टरांनी नासवलं". यावर मी खरंच हसले. 'द ऑक्स-बो इन्सिडेंट' 1943 चा आहे! दुसरं महायुद्ध चालू होतं, माझे बाबा जन्मले पण नव्हते. विल्यम वेलमनचा पिक्चर, हेन्री फोंडा, आणि फक्त सव्वा तासाचा. नेवाडातलं एक गाव, 1885 साल, बातमी येते की एका रँचवाल्याचा खून झाला आणि गुरं गेली. शेरीफ गावात नाही. लोकं जमतात, एक मेजर कॉन्फेडरेट आर्मीचा (यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या सैन्याचा) जुना युनिफॉर्म चढवून पुढारी होतो, आणि रात्री रानात तीन माणसं सापडतात, एक तरुण बायकोपोरं असलेला, एक भ्रमिष्ट म्हातारा आणि एक मेक्सिकन. तरुणाकडे गुरं आहेत, पावती नाही. (पावतीचं दुखणं वेस्टर्नमध्ये फार, वर जेड कूपरकडे असून उपयोग झाला नाही.) मेक्सिकनचं काम अँथनी क्विनने केलंय, पायातली गोळी स्वतःच्या हाताने चाकूने काढतो आणि चेहरा हलू देत नाही, बघाच.

मतदान होतं, विरोधात फक्त सात जण. मेजर आपल्या मऊ पोराला मर्द बनवायचं म्हणून एका घोड्याला चाबूक मारायला लावतो, पोराच्याने होत नाही, बाप त्याला पिस्तुलाचा दस्ता हाणतो. तिघं लटकतात. आणि परतताना वाटेत शेरीफ भेटतो, तो म्हणतो अहो तो रँचवाला जिवंत आहे.

बरं, यात दरी-डोंगर-आभाळ असलं काही फारसं नाहीच. तो फाशीचा भाग स्टुडिओत उभारलेल्या सेटवर शूट केलाय, झाड खोटं, अंधार कोंडलेला, पैसे वाचवायला केलं असेल, पण परिणाम असा होतो की वेस्टर्न बघतोय आणि श्वास कोंडतोय. मग सगळे गावातल्या बारमध्ये येऊन ओळीने उभे राहतात आणि कोणी कोणाकडे बघत नाही. फाशी गेलेल्या तरुणाने बायकोला पत्र लिहिलेलं असतं, फोंडा ते मित्राला वाचून दाखवतो, आणि वेलमनने फ्रेम अशी लावलीय की मित्राच्या हॅटची कड बरोब्बर फोंडाच्या डोळ्यांवर येते. आवाज ऐकू येतो, ओठ हलताना दिसतात, डोळे नाही. हिरोचे डोळे झाकणारा वेस्टर्न, 1943 मध्ये! पिक्चर चालला नाही, पण बेस्ट पिक्चरच्या ऑस्करला नॉमिनेट झाला होता, 'कासाब्लांका'पुढे हरला.

फोंडाला हा पिक्चर इतका जवळचा का, तर तो ओमाहात वाढला. 28 सप्टेंबर 1919 ला तिथे विल ब्राऊन नावाच्या काळ्या माणसाला जमावाने कोर्टहाऊसमधून ओढून काढून मारलं, दोराला टांगलं, मध्ये पडलेल्या महापौराला सुद्धा लटकवलं होतं, तो कसाबसा वाचला. समोरच फोंडाच्या वडिलांचा छापखाना होता, तिथल्या खिडकीतून चौदा वर्षांच्या हेन्रीने हे सगळं बघितलं.

आणि गंमत बघा, हाच फोंडा पंचवीस वर्षांनी 1968 मध्ये सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये व्हिलन. शूटिंगला तो तपकिरी लेन्स लावून, मिशी ठेवून आला होता, लिओने म्हणाला काढ सगळं, मला तुझे निळे डोळेच हवेत. क्लायमॅक्सला फोंडा आणि हिरो समोरासमोर उभे, पिस्तुलं काढायची वेळ आलीय, आणि लिओने तिथे फ्लॅशबॅक घालतो. वाळवंटात एक विटांची कमान, तिला दोर, दोरात एक माणूस, आणि त्याचे पाय त्याच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे लहानपणीच्या हिरोच्या, खांद्यावर. तो पोरगा उभा आहे तोवर मोठा भाऊ जिवंत. फोंडा हसत हसत त्या पोराच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबतो. पोरगा कोसळतो. फाशीची फळी म्हणून इथे एक मूल वापरलंय. 'ऑक्स-बो'मध्ये ज्याचे डोळे झाकले होते त्याचेच डोळे इथे अख्ख्या पडद्यावर पसरलेत. बाबांनी हा सीन पहिल्यांदा दाखवला तेव्हा नंतर मला काही खायला जमलं नव्हतं.

मानवाधिकाराचं खूळ म्हणे. इटालियन डायरेक्टर, पन्नासहून जास्त वर्षं झाली.

बरं, खरोखर हल्लीचा एक घेऊ, कोएन बंधूंचा 'ट्रू ग्रिट', 2010. सुरुवातीलाच फोर्ट स्मिथ, पार्करचंच गाव, तख्तावर तीन माणसं. पहिला रडत लांबच लांब भाषण करतो, दुसरा म्हणतो मी चुकीचा माणूस मारला. तिसरा रेड इंडियन, तो म्हणतो मरायच्या आधी मला सांगायचंय की, आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यावर टोपडं. वाक्य अर्धंच राहतं, खटका पडतो. थिएटरमध्ये माझ्या आजूबाजूचे लोक हसले होते, मी पण हसले, आणि मग घशात अडकलं. कोणी भाषण देत नाही, मानवाधिकार हा शब्द पण नाही. पाच सेकंदांचं काम.

राहिला शोले. ठाकूरने केलं तेच बरोबर, म्हणजे नक्की काय केलं? 1975 मध्ये थिएटरात जो आला त्यात ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बर त्यांच्या ताब्यात जातो. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो, पण आणीबाणी होती, सेन्सॉरने सांगितलं माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला चालणार नाही, म्हणून रमेश सिप्पींना शेवट पुन्हा शूट करायला लागला. हातात कायदा घेतला म्हणायला हात तरी कुठे होते त्याला. गब्बरला पहिल्यांदा पकडतो तेव्हा ठाकूर त्याची मान आवळून काय म्हणतो आठवतंय? "ये हाथ नहीं, फाँसी का फंदा है." सलीम-जावेदने त्याचं पुढे काय केलं, तर तोच फंदा खांद्यापासून तोडला. त्या शालीखाली काय नाहीये ते कळल्यावर ती ओळ परत ऐका. आणि मूळ शेवटात गब्बर मेल्यावर ठाकूर विजयी मुद्रेने उभा राहत नाही, हमसून हमसून रडतो, तो भाग पोस्टवाल्याने बघितलेला दिसत नाही.

आत्याला एवढं सगळं पाठवायची माझी हिंमत नाही. तिला लिहिलंय, रविवारी ये, सव्वा तासाचा पिक्चर आहे, मध्येच चहाला उठायचं नाही. तिने अंगठा पाठवलाय.