पुतळे, रेडिओ आणि एक जादा प्लेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'फॉलन लीव्ह्ज' या फिनिश सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. उत्तरही लांबणार हे दिसत होतं, म्हणून ते इथे वेगळं टाकतोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी गोषवारा: लेख वाचून तुम्ही आणि तुमच्या पत्नी सिनेमा बघायला बसलात. अर्ध्या तासात त्या उठून गेल्या, तुम्ही नेटाने शेवटपर्यंत बसलात. तुमचं म्हणणं असं, की नट पुतळ्यासारखे उभे राहून पाठ केलेली वाक्यं म्हणतात; विनोदी म्हणे, पण एकदाही हसू आलं नाही; युक्रेनच्या बातम्या ठिगळ लावल्यासारख्या येतात; आणि फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात बक्षीस मिळालं की समीक्षकांच्या माना आपोआप डोलायला लागतात. (पुढे कथा उघड होणार आहे. सिनेमा बघायचा असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.)

आधी एक गोष्ट. तुमच्या प्रतिक्रियेखाली काहींनी 'तुम्ही आपले मारामारीचे सिनेमे बघा' छापाचे शेरे मारले होते. ते मी काढून टाकलेत. या सिनेमात न कळण्यासारखं आहे काय? हेलसिंकीत एक बाई आहे, एक पुरुष आहे, दोघंही एकटे. दोघांच्याही नोकऱ्या जातात. तो पितो आणि तिला पिणारा माणूस घरात नको आहे. हे तुम्हाला समजलं नाही असं म्हणणाऱ्यांना मला काही सांगायचं नाही. तुम्हाला ते भावलं नाही, आणि का ते तुम्ही मुद्देसूद लिहिलंत. वाद घालायचा तो त्या मुद्द्यांशी.

पुतळ्यांचा मुद्दा सगळ्यात मोठा, म्हणून तो आधी घेतो. आन्सा झालेली आल्मा पोयस्ती आणि होलाप्पा झालेला युस्सी वातानेन हे दोघंही फिनलंडमधले नावाजलेले नट. पोयस्तीने २०२०मध्ये मूमिन या मुलांच्या लाडक्या पात्रांच्या गोष्टी लिहिणाऱ्या तूव्ह यान्सनची भूमिका केली होती. त्यात ती नाचते, पेटते, कोसळते. वातानेन तिकडच्या विनोदी सिनेमांत गाजलेला आहे. म्हणजे चेहरा हलवता येत नाही म्हणून हलत नाही, असं काही नाही. सिनेमाचा दिग्दर्शक आकी कौरिस्माकी नटांना तालमी करू देत नाही आणि शक्यतो पहिल्याच टेकवर पुढे जातो. गेली चाळीस वर्षं त्याची माणसं अशीच उभी राहतात. हे तुम्हाला आवडायलाच हवं असं नाही. पण 'अभिनय जमला नाही' आणि 'असा अभिनय मला नको' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तुमची दुसरी आहे, आणि ती मला मान्य आहे.

मग भावना जाते कुठे? माझ्या मते ती वस्तूंमध्ये जाते. जेवणाचा प्रसंग आठवा. होलाप्पा पहिल्यांदा घरी येणार आहे आणि आन्साकडे एकच प्लेट आहे. ती दुकानात जाते आणि आणखी एक प्लेट, एक काटा, एक सुरी घेऊन येते. बस्स. कुणी सांगत नाही की ही बाई इतकी वर्षं एकटीच जेवतेय. पार्श्वसंगीत चढत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. आपल्याकडे मालिकेत या जागी कॅमेरा तीन वेळा चेहऱ्यावर धावून गेला असता. पुढे तो मित्राचं जॅकेट अडकवून, फुलं घेऊन येतो. छोट्याशा बाटलीतलं पेय एका घोटात संपतं, तो आणखी मागतो, नसतं, मग खिशातली दारू चोरून काढतो. ती बघते. वडील दारूने गेले, भाऊही, आणि आई त्या दुःखाने, एवढं ती सांगते, तेही बाजारची यादी वाचावी तशा आवाजात. मला दारुडा नको, ती म्हणते. मला हुकूम नकोत, तो म्हणतो आणि निघून जातो. या प्रसंगात कुणी रडलं असतं तर त्या दुसऱ्या प्लेटकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं.

हसू आलं नाही, यावर कुणाला पटवून हसवता येत नाही, त्यामुळे फार बोलत नाही. तरी एक विचारतो. 'मी निराश आहे कारण मी पितो, आणि मी पितो कारण मी निराश आहे' हा संवाद झाला तेव्हा तुम्ही मख्खच राहिलात? किंवा कराओकेला जाण्याआधी होलाप्पा म्हणतो की मर्द गडी गात नसतात, त्यावर त्याचा मित्र हुओतारी शांतपणे सांगतो की तू काही मर्द गडी नाहीस? हुओतारीचा स्वतःच्या खर्जाबद्दलचा गैरसमज तर अख्ख्या सिनेमाभर टिकतो. आणि बारमध्ये दोन बहिणींचा बँड येतो, त्या होलाप्पाहूनही दगडी चेहऱ्याने जन्माच्या दुःखाचं गाणं म्हणतात, तिथे दिग्दर्शक सरळ स्वतःच्याच शैलीची टर उडवतोय. एक विनोद मात्र तुमच्या पदरात टाकतो. दोघं झॉम्बींचा सिनेमा बघतात आणि बाहेर पडणारे दोन म्हातारे त्याची तुलना एक ब्रेसाँशी करतो, दुसरा गोदारशी, म्हणजे फ्रान्सच्या दोन गंभीर, समीक्षकप्रिय दिग्दर्शकांशी. ती फिल्म सोसायटीवाल्यांनी एकमेकांना मारलेली कोपरखळी आहे. मी हसलो, पण त्याचं श्रेय सिनेमापेक्षा माझ्या वाया गेलेल्या तरुणपणाला.

युक्रेनच्या ठिगळाबद्दल मात्र मी ठाम आहे. आन्सा रेडिओ लावते, मारियुपोलची बातमी येते, ती बंद करते. तुम्ही म्हणता, याचा प्रेमकथेशी संबंध काय. फिनलंडची रशियाला लागून जवळजवळ १३०० किलोमीटरची सरहद्द आहे. १९३९च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौजा ती ओलांडून आल्या होत्या. दशकानुदशकं कुठल्याच गोटात न गेलेला हा देश एप्रिल २०२३मध्ये नाटोत गेला, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात हा सिनेमा कानमध्ये दाखवला गेला. तिथल्या स्वयंपाकघरातली ही बातमी दूरदेशीची नाही. शिवाय आन्साचं विजेचं बिल आठवतं? ते उघडून बघते आणि ती घरातली वीज बंद करायला लागते. मे २०२२मध्ये रशियाने फिनलंडला वीज देणं थांबवलं होतं आणि त्या वर्षी युरोपभर विजेचे दर भडकले होते. सिनेमा हे बोलून दाखवत नाही. पण रेडिओ आणि ते बिल एकाच खोलीत आहेत, आणि मला ते एकाच गोष्टीचे दोन तुकडे वाटतात.

आता थोडं तुमच्या बाजूने. शेवटचा अपघात मलाही खटकतो. माणूस दारू सोडतो, तिला भेटायला निघतो आणि नेमका तेव्हाच अपघात होऊन कोमात जातो, ही जुन्या बोलपटांतली सोय आहे. कौरिस्माकीला असल्या सोयी प्रिय आहेत, तो त्या लपवतही नाही, पण ८१ मिनिटांच्या सिनेमात इतकी मिनिटं इस्पितळात घालवायची गरज नव्हती. त्या भागात परिचारिका त्याला स्वतःच्या घटस्फोटित नवऱ्याचे कपडे देते तेवढंच मला आवडलं. आणि 'असा फिनलंड आता आहे कुठे' हा तुमचा प्रश्न तर तिकडचे लोकही विचारतात. हा दिग्दर्शक १९८९पासून वर्षातला बराच काळ पोर्तुगालमध्ये राहतो आणि परदेशी प्रेक्षकांना ज्यूकबॉक्स, जुने बार आणि कमी बोलणारे दारुडे विकतो, ही तिथली जुनी कुरकुर आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर २०२४ आणि रेडिओवर २०२२ची बातमी, हे बघितलं की काळाबाबत तो मुद्दामच कुणाला धरून नाही हे कळतं. पण सुपरमार्केटमधला भाग जुनापुराणा नाही. तासांची हमी नसलेल्या करारावर काम करणारी बाई, मुदत संपलेलं अन्न फेकायचं पण पिशवीतून घरी न्यायचं नाही हा नियम, पाळतीवरचा रखवालदार. हे आज हेलसिंकीत आहे आणि पुण्यातही आहे.

बक्षिसाचं म्हणाल, तर या सिनेमाला ज्युरी पुरस्कार मिळाला, कानचं सर्वोच्च बक्षीस पाम द'ओर नाही, आणि ऑस्करच्या शेवटच्या पाचात तो पोचलाही नाही. माझी मान कुणी डोलवली असेल तर त्या प्लेटने.

तुमचा शेवटचा प्रश्न: या दिग्दर्शकाचा आणखी एखादा बघू, की नाद सोडू? 'द मॅच फॅक्टरी गर्ल' (१९९०) नका बघू. ६९ मिनिटांचाच आहे, पण तो बघून तुम्ही मला ब्लॉग बंद करायला सांगाल. 'द मॅन विदाउट अ पास्ट' (२००२) बघा. मार खाऊन स्मृती गेलेला माणूस नव्याने आयुष्य उभं करतो, त्यामुळे त्यात तुम्हाला हवी तेवढी गोष्ट आहे. पुतळे आहेतच. वहिनींना आधी सांगून ठेवा, आणि तरीही त्या अर्ध्या तासात उठल्या तर तुम्हीही उठा. पुढचं मी लेखात लिहीन, ते वाचून भांडायला या.