परत यायला घर होतं म्हणून?

भाचा पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससी करतो. एका खोलीत चार कॉट, त्यातली खिडकीकडची त्याची. गेल्या शनिवारी घरच्या ग्रुपवर त्यानं टाकलं : नेमाडेंची ‘कोसला’ वाचली, एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे त्यात? नायकानं बापाच्या पैशावर पुण्यात मजा केली, नापास झाला, गावी आला. परत यायला घर होतं की त्याला, मग एकटेपण कुठलं? आज असता तर दोनदा समुपदेशन झालं असतं नि कादंबरी तीस पानांत आटोपली असती. खाली तीन अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा.

माझं डोकंच फिरलं. मी जर्मनीत राहतो. इथं ज्याची जिना झाडायची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकते. या आठवड्यात ती माझ्या दाराला होती. ती तशीच लटकत ठेवून मी टाइप करत बसलो.

अरे, नेमाडे आपल्या जळगाव जिल्ह्यातले, सांगवीचे. १९६३ साली कादंबरी आली तेव्हा पंचवीस वर्षांचे, म्हणजे तुझ्याहून लहान. नायक पांडुरंग सांगवीकरच्या आडनावातच गाव आहे. नाव सांगितलं की गाव सांगून होतं, आणि पुण्यात नेमकं तेच लपवावंसं वाटतं.

माझ्या घरापासून कॅल्व गाव तासाभरावर. जर्मन कादंबरीकार हेरमान हेस तिथला. ‘डेमियान’ ही कादंबरी त्यानं १९१९ मध्ये छापली तीच मुळी एमिल सिंक्लेअर या नायकाच्या नावानं. नवोदित लेखकाचं पारितोषिकही सिंक्लेअरला मिळालं. खरा लेखक कोण ते फुटल्यावर चाळिशी उलटलेल्या हेसला ते परत करावं लागलं. हा सिंक्लेअर खाऊनपिऊन सुखी घरचा. पण इकडे कुणी विचारत नाही, की घर होतं ना, मग याला झालं काय! इकडे एकटेपणाची थट्टा होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन मंत्रिमंडळानं त्यासाठी धोरण मंजूर केलं. ब्रिटननं तर २०१८ मध्येच मंत्री नेमला. आपल्याकडे अजून ‘लग्न करून टाका त्याचं’ हेच धोरण.

(माझ्या जिन्यात आठ घरं आहेत. चौघांचे चेहरे मला माहीत नाहीत. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

समुपदेशनाचं म्हणशील, तर समुपदेशक पांडुरंगला काय सांगणार होता? धाकटी बहीण मनी देवीनं जाते, ती पानं तू बसमध्ये वाचलीस की काय? ग्योटेच्या कादंबरीतल्या विल्हेल्म माइस्टरचं बरं होतं. भटकला, शिकला, शेवटी मार्गाला लागला. पांडुरंग काही मार्गाला लागत नाही. म्हणून तर तो आपला.

हे सगळं लिहिता लिहिता कपाटातून माझी प्रत काढली, पान शोधायला. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं दोन रकाने निघाले. एक ‘खरे’, दुसरा ‘आबांना सांगायचे’. मेस ३५०, ५००. वह्या ४०, १२०. खाली तारीख, ऑगस्ट १९९४, मी पुण्यात शिकायला होतो तेव्हाची. आबांनी केळीच्या वॅगनी दिल्लीला भरून जे आणलं, त्यातले हे पैसे. मी ते सिनेमात घातले. मजा म्हणून नव्हे. अंधारात कुणी बोलायला लावत नाही म्हणून. कारण पहिल्याच आठवड्यात मी खोलीतल्या एकाला “काय करून राह्यला?” विचारलं होतं, आणि तिघंही महिनाभर मला तसंच विचारत होते. दिवाळीपर्यंत मी ते ‘राह्यला’ गिळून टाकलं. मग एसटीडीवरून घरी फोन केला तर आई म्हणते, “कोण बोलून राह्यलं?”

पांडुरंग परत गेला. मी गेलो नाही. नोकरी, मग बायकोची नोकरी, मग मुलीची शाळा, कारणं खरी आहेत सगळी. हिवाळ्यात इथल्या तुर्की दुकानातून वांगी आणून ओव्हनमध्ये भाजतो. कपाशीच्या काड्यांचा धूर नाही, तरी भरीत म्हणतो त्याला. मुलगी ब्रेडला लावून खाते.

यातलं रकान्यांचं सोडून बाकी बरंच ग्रुपवर टाकलं. चांगलं चार स्क्रीनभर. भाच्याचं उत्तर रात्री आलं, ग्रुपवर नाही, मला एकट्याला :

‘मामा, वाचलं. पटलं थोडं. आई म्हणत होती आजीचं घर विकताय, खरं का? मेच्या सुट्ट्या आमच्या तिथंच गेल्या म्हणून विचारलं.’

घराचं बोलणं मार्चपासून चालू आहे. गिऱ्हाईक फैजपूरचं आहे, भाव बरा देतोय.

मी मेसेज उघडल्याच्या दोन निळ्या खुणा त्याला दिसल्या असणार. मी झाडू घेऊन खाली गेलो, वरपासून दारापर्यंत जिना झाडला आणि पाटी शेजारणीच्या दाराला अडकवली.